अनसलीडांची रांग आणि चिलखती घोडा

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की नीतिशास्त्र शिकवण्यात जन्म घालवलेला हा माणूस भाले आणि घोडे घेऊन का बसलाय. कारण सांगतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्या, म्हणजे ज्यांच्यावरून 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका निघाली त्या, वाचणारी मुलं एक वाद फार हिरिरीनं घालतात. डेनेरिसचे 'अनसलीड' आणि वेस्टेरॉसचे चिलखती नाईट उघड्या मैदानात समोरासमोर आले, तर कोण जिंकेल? मग भाल्याची लांबी निघते, घोड्याचं वजन निघतं. मला हा वाद आवडतो. पण त्यात एक गृहीतक असतं आणि ते कोणीच तपासत नाही. ज्या माणसातून भीती आणि 'मी' दोन्ही काढून टाकले, तो सर्वांत शिस्तीचा सैनिक, हे ते गृहीतक. लढाईचा निकाल त्यावरच ठरतो, म्हणून आपण तिथूनच बघू या.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अनसलीड हे अस्तापोर नावाच्या शहरात तयार केलेलं गुलामांचं पायदळ. लहानपणी पोरांना खच्ची करायचं, पहाटेपासून रात्रीपर्यंत कवायत करून घ्यायची. प्रत्येकाला एक कुत्र्याचं पिल्लू द्यायचं आणि वर्षभरानं ते त्याच्याच हातानं मारायला लावायचं. शेवटची परीक्षा म्हणजे बाजारातल्या गुलाम बाईच्या डोळ्यांदेखत तिचं तान्हं मूल मारायचं. वेदना बोथट करणारं एक पेय त्यांना रोज पाजतात. नावसुद्धा रोज नवं, पिंपातून चिठ्ठी काढावी तसं, आणि तेही किड्यामुंग्यांचं, उंदरा-पिसवांचं. अंगात चिलखत नाही, नुसता जाड शिवलेला अंगरखा. डोक्यावर काशाची टोकदार टोपी, हातात ढाल, भाले आणि आखूड तलवार. 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' या 2000 साली आलेल्या तिसऱ्या खंडात डेनेरिस असे साडेआठ हजारांच्या आसपास सैनिक विकत घेते.

आता गंमत बघा. आजवर आलेल्या पाच खंडांत या सैन्याची वेस्टेरॉसच्या नाईटांशी मैदानात गाठच पडलेली नाही. मग त्यांची कीर्ती कशावर उभी आहे? एका आख्यायिकेवर. कोहोर शहराच्या वेशीवर तीन हजार अनसलीड उभे राहिले, डोथराकी घोडेस्वारांनी अठरा वेळा हल्ला केला, सहाशे अनसलीड उरले आणि बारा हजारांहून जास्त डोथराकी पडले. ही गोष्ट डेनेरिसला सांगतो जोरा मॉरमाँट. कोण सांगतंय, कधी सांगतंय, हे समीक्षकानं आधी बघावं. गोष्ट शेकडो वर्षांपूर्वीची आहे. सांगणारा तिथे नव्हता, आणि त्याला आपल्या राणीला हे सैन्य घ्यायला लावायचं आहे.

शिवाय ते डोथराकी म्हणजे नाईट नव्हेत. चिलखताला भ्याडपणा समजणारे, हलक्या घोड्यावरचे धनुर्धारी ते. त्यांनी घोडे ढालींवर आपटावेत हेच मुळात चमत्कारिक. कथेत त्यांचे तिरंदाज तीनदा बाण सोडून जातात, अनसलीड डोक्यावर ढाली धरतात, आणि विषय संपतो. चौथ्यांदा बाण सोडायला खाल तेम्मोला कोणी अडवलं होतं? इ.स.पूर्व 53 मध्ये कार्हाय इथे पार्थियन घोडेस्वारांनी रोमन लीजनांचं जे केलं, ते आठवा. बाण संपतील म्हणून रोमन ढालीआड वाट बघत राहिले, आणि तिकडे उंटांवरून बाणांचे भारे येत राहिले. ढाली रोमनांकडेही होत्या, शिस्तही होती.

तेव्हा कोहोर बाजूला ठेवू. खऱ्या मध्ययुगीन रणांगणावर काय व्हायचं?

चिलखती घोडदळाचा हल्ला बऱ्याचदा टक्कर होण्याआधीच जिंकला जायचा. जमीन हादरते, समोरून लोखंडाची भिंत येते, आणि पायदळातला कोणीतरी एक मागे वळतो. एक वळला की फट पडते, फटीत घोडा शिरतो, मग कत्तल. कोणी वळलंच नाही, तर मात्र घोडा अडचणीत येतो. भाल्यांच्या कुंपणावर छाती घालायला घोडासुद्धा सहसा तयार नसतो. त्यामुळे अनसलीडांच्या चाहत्यांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पहिला हल्ला ते झेलतील. दुसराही झेलतील. त्यांच्यात वळणारा कोणी नाही. त्यांचा भाला एका हातात ढालीबरोबर पेलायचा, म्हणजे स्विस लोकांच्या पाच मीटर लांब भाल्यापुढे आखूडच, आणि नाईटचा लान्स त्याच्याहून लांब पोचेल. हा तोटा खरा आहे, पण तेवढ्यानं रांग मोडत नाही. 1176 साली लेन्यानोला मिलानच्या पायदळानं आपल्या पवित्र गाड्याभोवती ढाली आणि भाले घेऊनच बार्बारोसाचे नाईट रोखून धरले होते.

पण रोखून धरले म्हणजे हरवले नव्हेत. तिथे विजय मिळाला तो विस्कटलेलं इटालियन घोडदळ पुन्हा जमून सम्राटाच्या बगलेवर आदळलं तेव्हा. अनसलीडांची परीक्षा इथेच आहे. पहिल्या हल्ल्यानंतर नाईट परत जाऊन स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्यामागे तिरंदाज असतात, पायदळ असतं, डोकं असतं.

फॉल्कर्कचं उदाहरण घ्या. 22 जुलै 1298. विल्यम वॉलेसनं स्कॉटिश भालेकऱ्यांचे चार गोल उभे केले होते, चारी बाजूंना भाले रोखलेले. इंग्लिश नाईटांना ते फोडता आले नाहीत. पण स्कॉटिश घोडदळ पळालं, तिरंदाज तुडवले गेले, आणि मग इंग्लिश धनुष्यांनी त्या गोलांना दुरून भोकं पाडली. भोकांतून घोडे आत गेले. ती माणसं भित्री नव्हती. जागच्या जागी उभं राहणं एवढंच त्यांना करता येत होतं, आणि ते त्यांनी मरेपर्यंत केलं. सोळा वर्षांनी बॅनकबर्नला रॉबर्ट ब्रूसनं असेच भालेकरी घेतले. या वेळी ते गोल चालत पुढे गेले, आणि इंग्लिश तिरंदाजांना उधळायला थोडं घोडदळ राखून ठेवलेलं होतं. माणसं तीच, भाले तेच. फॉल्कर्कचा स्कॉट हा मला अनसलीड वाटतो. बॅनकबर्नचा नाही.

इथे मला प्लेटो आठवतो. सवयच ती, काय करणार! 'लॅकीस' नावाच्या संवादात सॉक्रेटिस लॅकीस या सेनापतीला विचारतो, धैर्य म्हणजे काय? लॅकीस म्हणतो, सोपं आहे, जो रांगेत उभा राहून शत्रूला तोंड देतो आणि पळत नाही तो धीट. यावर सॉक्रेटिस काय करतो? तो म्हणत नाही की हे चूक आहे. तो म्हणतो, आणि पळता पळता लढणाऱ्या सिथियन घोडेस्वारांचं काय? प्लाटेयाच्या लढाईत स्पार्टन मागे हटले, पर्शियन रांग विस्कटल्यावर उलटले आणि जिंकले, त्यांचं काय? लॅकीस गप्प होतो. हा लॅकीस काही खुर्चीतला पंडित नव्हता बरं का. डेलियमच्या पराभवात सॉक्रेटिस किती शांतपणे माघार घेत होता ते यानंच डोळ्यांनी पाहिलं होतं. माघार घेण्यातही धैर्य असतं हे त्याला ठाऊक होतं, व्याख्येत मात्र बसवता आलं नव्हतं.

अनसलीड म्हणजे लॅकीसची ती पहिली व्याख्या, भाला घेऊन उभी केलेली. कधी हटायचं, कधी उलटायचं, नायक पडला तर शेजारच्या दहा जणांना घेऊन कुठे शिरायचं, हे ठरवायला आत कोणीतरी असावं लागतं. अस्तापोरच्या मालकांनी तेच काढून टाकलं आहे.

मग नाईटांना खरोखर हरवलं ते कोणत्या पायदळानं? 11 जुलै 1302 ला कोर्त्रेकच्या मैदानात फ्रान्सच्या निवडक नाईटांसमोर फ्लँडर्सचे विणकर, खाटीक, रंगारी उभे होते. हातात भाले, आणि 'गुडेनडाख' नावाचा टोकाला लोखंडी खिळा असलेला जाड सोटा. पुढे नाले आणि चर. त्यांच्या बाजूनं लढणाऱ्या सरदारांनी आपले घोडे मागे पाठवून दिले आणि पायी रांगेत आले. म्हणजे पळायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही. फ्रेंचांचा सेनापती आर्त्वाचा काउंट रोबेर मारला गेला. पडलेल्या नाईटांच्या सोनेरी टाचांची शेकडो जोडकी तिथल्या चर्चमध्ये टांगली गेली, म्हणून ही 'सोनेरी टाचांची लढाई'. या लोकांना कोणी पिल्लू मारायला लावलं नव्हतं. रांगेत शेजारी उभा होता तो आपल्याच पेशाच्या संघातला, कदाचित आपल्याच गल्लीतला. त्याच्यादेखत पळालो तर उद्या त्या गल्लीत तोंड कसं दाखवू, ही लाज त्यांच्याकडे होती. अनसलीडाकडे ना गल्ली, ना उद्या. त्याला तर उद्या स्वतःचं नावसुद्धा वेगळं असणार आहे.

हे रोमँटिक वाटेल, म्हणून लगेच सांगतो की हेच फ्लेमिश लोक 1328 ला कासेलला आणि 1382 ला रोझेबेकेला फ्रेंचांकडून सपाटून हरले. शेजारधर्म म्हणजे जादू नव्हे. जागा, सेनापती, शत्रूची चूक, सगळंच लागतं. स्विसांनीही 1422 मध्ये अर्बेदोला मार खाल्ला. मिलानच्या कार्मान्योलानं आपले चिलखती लोक घोड्यांवरून उतरवले आणि पायी लढवले. पण पुढे काय झालं? स्विसांनी धडा घेतला, कुऱ्हाडीसारखी हॅलबर्ड कमी केली आणि लांब भाले वाढवले. हरलेल्या लढाईवर बसून विचार करणारं हे सैन्य होतं. 1393 मध्ये त्यांच्या आठ प्रांतांनी आणि सोलोथर्ननं मिळून एक करार केला होता, सेम्पाखचा करार. लढाईत कोणी पळायचं नाही, जखमी झालात तरी आपल्या लोकांबरोबर राहायचं, परवानगीशिवाय लूट करायची नाही, देवळांना आणि बायकांना हात लावायचा नाही. ही शिस्तच आहे, आणि कडक आहे. पण ती त्यांची त्यांनी लिहून घेतली होती.

आता तुमच्यातला जाणकार मला अडवेल. "सर, जॅनिसरींचं काय?" रास्त प्रश्न. ऑटोमन सुलतानाचे जॅनिसरी हे गुलामांचंच पायदळ, बाल्कनमधल्या ख्रिस्ती घरांतून उचललेली मुलं. 10 नोव्हेंबर 1444 ला वार्ना इथे पोलंड-हंगेरीचा जेमतेम विशीतला राजा व्लादिस्लाव आपले नाईट घेऊन थेट सुलतान मुरादवर चालून गेला, जॅनिसरींच्या रांगांत अडकला आणि मारला गेला. म्हणजे गुलाम पायदळानं चिलखती घोडा थांबवला, हे इतिहासात घडलेलं आहे.

पण जॅनिसरी कसे जगायचे बघा. त्यांना पगार होता. त्यांच्या नायकाचा हुद्दा 'चोर्बाजी', म्हणजे सूप वाढणारा. पलटणीची शान म्हणजे तिचं स्वयंपाकाचं भलंमोठं भांडं. बंड करायचं ठरलं की ते भांडं उपडं घालायचे. 1622 मध्ये बंडातून त्यांनी एका सुलतानाचा जीव घेतला. एका पंगतीत जेवणारी, रुसणारी, मागणी करणारी माणसं होती ती. गुलामीतून आलेल्या माणसाला डोकं नसतं असं म्हणणाऱ्यानं तर आपल्या मलिक अंबरचं नाव घ्यावं. इथिओपियातून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरची निजामशाही सांभाळत मुघलांना वर्षानुवर्षं दमवत राहिला, आणि तेही रांगेत उभं राहून नव्हे.

धाकानंच उभं केलेलं सैन्य जिंकत नाही, असंही मी म्हणणार नाही. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकचं सैन्य जिंकत होतं. पण सैनिक पळू नयेत म्हणून जंगलाजवळ तळ टाकू नका, रात्रीची कूच टाळा, असं त्यालाच आपल्या सेनापतींना बजावावं लागत होतं. रांग सुटली की माणूस सुटला.

माझा अंदाज विचाराल तर, सपाट मैदान, समोरून हल्ला आणि नुसते नाईट असतील, तर अनसलीड जिंकतील. त्याच नाईटांबरोबर हजारभर तिरंदाज आणि थोडा धीर धरणारा सेनापती असेल, तर संध्याकाळपर्यंत अनसलीड आपापल्या जागी मेलेले असतील. एकही पळालेला नसेल.

मार्टिनना हे कळलेलं आहे, असं मला वाटतं, आणि म्हणून कोहोरची कथा मी त्यांच्या नावावर न टाकता जोराच्या तोंडीच ठेवतो. पुढे मिरीन शहरात हेच अनसलीड पहाऱ्यावर असताना गल्लीबोळांत एकेकटे मारले जातात. मालिकेत 2015 साली त्यांना अरुंद वाटेत गाठून सुरे चालवले, तेव्हा चाहते फार चिडले होते, की एवढे कसलेले सैनिक असे कसे मरतात. मला तो प्रसंग पटला. रांग हेच ज्याचं शस्त्र, त्याच्या डाव्या-उजव्या हाताला कोणी नसेल तर तो नुसता बिनचिलखताचा माणूस उरतो.

2011 च्या पाचव्या खंडात डेनेरिसचं पहिलंच प्रकरण अशा एका प्रेतापासून सुरू होतं. स्टॉलवर्ट शील्ड त्याचं नाव, म्हणजे 'भक्कम ढाल'. स्वातंत्र्य मिळाल्यावर घेतलेलं नाव ते. तो एकटा, निःशस्त्रासारखा वेश्यावस्तीत गेला होता. राणीला प्रश्न पडतो, खच्ची केलेला माणूस तिथे कशाला जाईल? उत्तर मिळतं, तो बायकांना पैसे द्यायचा, नुसतं जवळ निजायला आणि धरून ठेवायला.

अस्तापोरच्या मालकांनी हमी देऊन विकलेला माल हा. कुत्र्याचं पिल्लू, तान्हं मूल, रोजचं पेय, रोजचं नवं नाव, सगळं त्याच्यावर करून झालं होतं. त्या सगळ्यातून जे गेलं नव्हतं तेच त्याला त्या रात्री एकट्याला रांगेबाहेर घेऊन गेलं. आणि कोर्त्रेकच्या विणकरानं ज्याच्या जोरावर सोटा घट्ट धरला होता, तेही त्याच जातीचं काहीतरी असावं. मार्टिन यांनी हे प्रेत प्रकरणाच्या तोंडाशी ठेवलं, मी मात्र शेवटी ठेवतोय. आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतला हात मघापासून वर आहे.