दिवा लागला म्हणजे वायरिंग बरोबर का?

आजचा विषय आहे व्यवसाय शिक्षणातलं अध्यापन आणि त्याचं मूल्यमापन. यात तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय काम, असं कुणाला वाटेल. पण 'माहीत असणं' आणि 'येणं' यांत फरक काय, हा आमच्या घरचाच प्रश्न आहे. मराठीनं तो क्रियापदातच सोडवून ठेवलाय. 'मला पोहणं माहीत आहे' आणि 'मला पोहता येतं' ही वाक्यं आपण कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कनिष्ठ महाविद्यालयात व्यवसाय अभ्यासक्रमाची प्रात्यक्षिक परीक्षा बघायला बसलो होतो. इलेक्ट्रिकलची मुलं होती. जॉब होता जिन्याच्या वायरिंगचा. एक दिवा, दोन टू-वे स्विच. खालून लावायचा, वर जाऊन घालवायचा. परीक्षक लाकडी बोर्डांपुढून फिरत होते. दोन्ही बटणं दाबायची, दिवा लागला-विझला की गुण. मग जर्नल बघायचं, मग तोंडी. "टू-वे स्विच म्हणजे काय?" पोरं धडाधड व्याख्या म्हणत होती.

एका मुलाचा बोर्ड फार देखणा होता. तारा सरळ, क्लिपा एका रेषेत. मी सहज विचारलं, "फेज स्विचमधून नेलीय की न्यूट्रल?" (हा प्रश्न तत्त्वज्ञानामुळे सुचला नाही. वडील वायरमन होते.) सरांनी टेस्टर लावला. बटण बंद, दिवा विझलेला, आणि होल्डरमध्ये टेस्टर पेटला! म्हणजे उद्या त्या घरात कुणी बटण बंद करून बल्ब बदलायला गेलं, तर शॉक बसणार. आणि त्या मुलाला पूर्ण गुण पडून गेले होते.

गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं 1949 च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात हा भेद मांडला, ते अनेकांना ठाऊक असेल. त्याचं म्हणणं, कृती करता येणं म्हणजे आधी डोक्यात नियम म्हणणं आणि मग हात चालवणं नव्हे. तसं असतं, तर नियम शहाणपणानं म्हणायला आणखी एक नियम लागला असता, त्याला आणखी एक, आणि शेपूट संपलंच नसतं. आपल्याकडे व्यवसाय शिक्षणावर बोलणारे इथपर्यंत आनंदानं येतात. "बघा, थिअरी कमी करा, प्रॅक्टिकल वाढवा!" पण राइल पुढे जे सांगतो ते वाचायचं राहून जातं. सवय वेगळी आणि समजून केलेली कृती वेगळी, असं तो म्हणतो. कवायतीनं सवय लागते. शिकलेला माणूस मात्र करता करता स्वतःची चूक ओळखतो, परिस्थिती बदलली की हात बदलतो. आपली तोंडी परीक्षा 'माहीत असणं' मोजते आणि आपला जॉब 'सवय' मोजतो. 'येणं' मोजणारं या परीक्षेत काहीच नाही.

हा घोटाळा जुना आहे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. टकली कशी फिरवायची एवढंच नव्हे, प्रत्येक क्रिया का करायची हेही मुलाला कळावं, हा त्यांचा आग्रह. पण सोबत अपेक्षा होती की मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा. खुद्द झाकिर हुसेन समितीनं आपल्या अहवालात इशारा दिला की आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक हेतूचा बळी जाऊ शकतो. सूत मोजता येतं, समज मोजता येत नाही. मग शाळा सूतच मोजणार.

पाबळच्या विज्ञान आश्रमात कलबागांनी 1983 पासून यावर एक चांगला उतारा शोधला. मुलांनी गावासाठी खरी कामं करायची, माती तपासायची, वेल्डिंग करायचं. गिऱ्हाईक परीक्षक झालं. मला हा प्रयोग मनापासून आवडतो. तरी एक शंका राहते. न्यूट्रलवर बसवलेलं बटण गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याचा दिवा लागतोय! म्हणजे बाजारालाही सगळं कळत नाही, शिक्षक लागतोच.

मग शिक्षकाचं मूल्यमापन कशावरून करायचं? निकालाच्या टक्क्यांवरून तर नाहीच. मी वर्गात एकच गोष्ट बघतो : मुलगा चुकला की सर काय करतात. बहुतेक सर "दे इकडं" म्हणून पक्कड हातातून काढून घेतात आणि स्वतः करून दाखवतात. काम होतं, मुलगा कोराच राहतो. चांगला शिक्षक हात मागे बांधून विचारतो, "बटण दाबायच्या आधी सांग, काय होईल?"

परीक्षाही याच अंगानं बदलता येईल. मुद्दाम बिघडवलेला बोर्ड द्या. वरच्या स्विचची कॉमन तार आणि एक जोडतार यांची अदलाबदल केली, की वरचं बटण एका विशिष्ट बाजूला असेल तेव्हाच खालच्या बटणानं दिवा लागतो. दोष शोध, कारण सांग, दुरुस्त कर. याची व्याख्या पाठ करून येता येत नाही. "एका दिवसात इतकी मुलं, वेळ कुठून आणायचा?" असं परीक्षक म्हणतात. रास्त आहे. पण त्याच दिवसाचा केवढा तरी वेळ जर्नलांवर सह्या करण्यात जातो, आणि त्यातली बरीचशी गेल्या वर्षीच्या मुलांची उतरवलेली असतात हे सगळ्यांना माहीत असतं.

त्या देखण्या बोर्डाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. सरांनी गुण कापले नाहीत. गुण दिवा लागण्याचे होते आणि दिवा लागला होता. पण त्यांनी मुलाला मेन बंद करून बोर्ड उघडायला लावला. दहा मिनिटं तो तारांकडे बघत बसला, मग हसला आणि जोडणी बदलली. टेस्टर लावून स्वतःच खात्री केली. मग त्यानं विचारलं, "सर, हे जर्नलमध्ये कुठं लिहू?" सरांनी जर्नल चाळलं. हेतू, साहित्य, आकृती, कृती, निष्कर्ष. चुकीसाठी रकानाच नव्हता.