‘निव्वळ माणसे’: एका विद्यार्थिनीच्या प्रवासग्रंथाच्या नावाविषयी

विद्यार्थिदशेत परदेशी गेलेल्या व्यक्तीने लिहिलेला प्रवासग्रंथ परीक्षणासाठी हाती आला म्हणजे टीकाकार सामान्यतः दोन प्रश्न विचारतो. तिने काय पाहिले, आणि जे पाहिले ते किती प्रामाणिकपणे सांगितले? भाषेच्या अभ्यासकास मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. ज्यांच्याकडे ती शिकावयास गेली, त्यांचे शब्द तिच्या कानी कोणत्या अर्थाने पडले? हा तिसरा प्रश्न एलिझाबेथ मार्शल थॉमस यांच्या ‘द हार्मलेस पीपल’ या 1959 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथास विचारावयाचा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ग्रंथ बहुपरिचित आहे आणि त्याची लोकप्रियता अद्याप ओसरलेली नाही. म्हणूनच त्याच्या नावाची चिकित्सा होणे अगत्याचे वाटते.

प्रथम ग्रंथाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. लेखिकेचा जन्म 1931 चा. अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षण चालू असतानाच, वयाच्या विशीच्या सुमारास, ती आईवडील व भाऊ यांच्यासमवेत कालाहारीच्या वाळवंटी प्रदेशात गेली. वडील लॉरेन्स मार्शल हे रेथिऑन या उद्योगसंस्थेचे एक संस्थापक. निवृत्तीनंतर त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयाच्या सहकार्याने या मोहिमा आखल्या. आई लॉर्ना यांनी पुढे मानववंशशास्त्रात मान्यता मिळविली. भाऊ जॉन चित्रपटकार झाला. मोहिमेचे मुख्य क्षेत्र न्याए न्याए हे होते. त्या काळी दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात असलेल्या नैऋत्य आफ्रिकेचा, म्हणजे आजच्या नामिबियाचा, हा ईशान्येकडील भाग होय. 1951 पासून 1955 पर्यंतच्या अशा प्रवासांतून हा ग्रंथ सिद्ध झाला. पदवीच्या वर्गात पुस्तके वाचावयाच्या वयात लेखिकेने माणसे वाचली, असे म्हणावयास हरकत नाही.

ग्रंथाचे गुण निर्विवाद आहेत. ‘बुशमन’ या सरसकट नावाखाली आधीच्या प्रवाशांनी ज्यांचा केवळ एक नमुना करून टाकला होता, ती माणसे येथे पृथक् व्यक्ती म्हणून भेटतात. या समाजात थोडीच नावे पुनःपुन्हा ठेवली जातात आणि नातवास आजोबांचे नाव दिले जाते. आपल्याकडील रीतीशी परिचय असणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. एकाच नावाची अनेक माणसे असल्यामुळे लेखिका ‘बुटका क्वी’, ‘आळशी क्वी’ अशी टोपणनावे वापरते, आणि वाचकास ती माणसे वेगवेगळी स्मरणात राहतात. पाण्याचा थेंब नसलेल्या ऋतूत जमिनीखालचे कंद खणून, किसून, पिळून काढलेला रस. सापडेल तेथे गोळा केलेली रानकलिंगडे. शिकारीचे मांस कोणाचे, हे ठरविताना बाणाच्या मालकास मिळणारा मान: ही सारी वर्णने नेमकी आहेत. लेखिकेची शैली साधी आहे आणि तिला पाल्हाळाची हौस नाही.

दोष आहे तो ग्रंथाच्या नावात, आणि तो लहान नाही.

हे लोक स्वतःस जे म्हणवितात ते लेखिकेने ‘झु त्वा सी’ असे लिहून घेतले. त्यातील ‘झु’ म्हणजे माणूस आणि ‘सी’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. मधल्या ‘त्वा’ चा अर्थ तिने ‘नुसता’, ‘फक्त’ असा लावला आणि या नुसत्या माणसांना इंग्रजीत ‘निरुपद्रवी माणसे’ केले. पुढील भाषाशास्त्रीय संशोधनाने हे नाव ‘जुहोआन्सी’ असे निश्चित केले आहे. मधल्या पदाच्या आरंभी दंत्य क्लिक-ध्वनी आहे, आणि त्या पदाचा अर्थ ‘खरा’, ‘योग्य’, ‘अस्सल’ असा दिला जातो. म्हणजे नावाचा अर्थ ‘खरी माणसे’ असा होतो.

क्लिक-ध्वनी आपणांस अगदीच अपरिचित नाहीत. कोणाचे वाईट झालेले ऐकून आपण चुकचुकतो, तो दंत्य क्लिक होय. बैलांना हाकताना गाडीवान गालाच्या बाजूने जो आवाज काढतो, तो पार्श्विक क्लिक होय. आपल्याकडे हे ध्वनी भाषेच्या अंगणात उभे आहेत. जुहोआन्सींच्या भाषेत ते घरात, शब्दाच्या आत, वर्ण म्हणून नांदतात. लेखिकेने आपल्या लेखनातून ते गाळले. सामान्य वाचकाच्या सोयीसाठी हे क्षम्य आहे. तथापि ध्वनी गाळल्यावर अर्थही सैल होतो, याचे हे उदाहरण समजावे.

येथे लेखिकेस अज्ञानाचा दोष देऊन मोकळे होणे मात्र अन्यायाचे ठरेल. ‘अस्सल’ आणि ‘नुसता’ हे दोन अर्थ एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत. मराठीतील ‘निव्वळ’ हा शब्द पाहावा. ‘निव्वळ दूध’ म्हणजे भेसळ नसलेले, अस्सल दूध. ‘निव्वळ थाप’ म्हणजे नुसती थाप. ‘केवळ’ या शब्दाचीही तीच गत आहे: संस्कृतात ‘केवल’ म्हणजे शुद्ध, परिपूर्णही आणि एकटा, नुसताही. ज्यात दुसरे काही मिसळलेले नाही ते शुद्ध, आणि ज्यात दुसरे काही नाही ते नुसते. एकाच कल्पनेच्या या दोन बाजू आहेत. एक गौरवाची, दुसरी उणेपणाची. लेखिकेने स्वतःच्या संस्कारानुसार दुसरी बाजू उचलली. ‘निव्वळ माणसे’ हे शब्दशः भाषांतर दोन्ही बाजू राखू शकले असते. इंग्रजीत तसा शब्द हाताशी नसल्याने तिने निवड केली, आणि निवडीत माणसाचा मोठेपणा गळून पडला.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की शब्दाचा अर्थ त्याच्या एकट्यात नसतो, तो त्याच्या विरोधी शब्दाशी असलेल्या संबंधात असतो. लॉर्ना मार्शल यांनी नोंदविले आहे की हे लोक परक्यास ‘जु दोले’ म्हणतात. ‘दोले’ म्हणजे वाईट, कुचकामी, अपाय करील असा. या जोडीत ठेवून पाहिले म्हणजे लेखिकेच्या कानास काहीतरी खरे ऐकू आले होते, हे मान्य करावे लागते. जो ‘खरा’ तो ओळखीचा, ज्याच्यापासून भय नाही असा. परंतु येथे भय नाही ते कोणास? एका जुहोआन माणसास दुसऱ्या जुहोआन माणसापासून. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हेच विशेषण आले की ‘कोणास’ या प्रश्नाचे उत्तर बदलते. ती माणसे आता न्यूयॉर्कच्या वाचकास निरुपद्रवी ठरतात. मराठीत आपण निरुपद्रवी म्हणतो ते सापास आणि किड्यास, शेजाऱ्यास नव्हे. शेजाऱ्यास आपण भला म्हणतो. आपसांतील विश्वासाचे नाव अशा रीतीने परक्याने दिलेले प्रमाणपत्र झाले.

या प्रमाणपत्राचे दुष्परिणाम दोन प्रकारचे झाले. पहिला ज्ञानाच्या क्षेत्रातील. ‘निरुपद्रवी’ हा शब्द शांततेस स्वभाव ठरवितो. लॉर्ना मार्शल यांनी 1961 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की या समाजातील शांतता वाटून खाणे, देणेघेणे आणि अखंड बोलणे यांच्या योगे प्रयत्नपूर्वक राखली जाते. ती कमाई आहे, देणगी नव्हे. रिचर्ड ली यांनी 1979 सालच्या आपल्या ग्रंथात, सीमेपलीकडील दोबे परिसरात 1920 ते 1955 या काळात झालेल्या 22 मनुष्यवधांची नोंद दिली. ज्या बाणांच्या टोकांमागील भागास किड्यांच्या अळ्यांचे, उतारा ठाऊक नसलेले विष लावलेले असे, ते प्रत्येक पुरुषाजवळ असत, आणि म्हणूनच भांडणाची भीती सर्वांस वाटे. भीती बाळगणारा आणि ती आवरणारा माणूस नैतिक दृष्ट्या निरुपद्रवी प्राण्याहून कितीतरी वरचा आहे. मजेची गोष्ट अशी की याचे पुरावे खुद्द थॉमस यांच्या ग्रंथात विखुरलेले आहेत: मांसाच्या वाट्यावरून होणारी कुरकुर, भेटवस्तूंचा हेवा, रुसवे आणि समजुती. ग्रंथाची पाने ग्रंथाच्या नावास साक्षीने खोडून काढतात.

दुसरा परिणाम व्यवहारातील. मोहिमेच्या मोटारींनी वाळूत पाडलेल्या चाकोऱ्यांचा माग काढीत गोरे शेतकरी न्याए न्याएपर्यंत आले आणि माणसांना मजुरीसाठी घेऊन गेले, हे मार्शल कुटुंबानेच नमूद केले आहे. 1959 च्या अखेरीस त्सुम्क्वे येथे सरकारी ठाणे उभे राहिले. 1970 साली ‘बुशमनलँड’ आखले गेले व पिढीजात भूमीचा मोठा भाग हातचा गेला. 1978 पासून दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने येथील पुरुषांची भरती केली. ज्यांना जग निरुपद्रवी म्हणत होते त्यांच्या खांद्यावर बंदूक आली. त्याच सुमारास, 1980 साली, ‘द गॉड्स मस्ट बी क्रेझी’ या चित्रपटाने त्यांचे निष्पापपण पडद्यावर विकले. त्याच वर्षीच्या जॉन मार्शल यांच्या ‘नाइ’ या माहितीपटात मात्र त्सुम्क्वेतील दारिद्र्य आणि भांडणे उघडी दिसतात. या सर्व अनर्थाचे मूळ एका ग्रंथनामात आहे, असे कोणी म्हणणार नाही. तथापि निरुपद्रवी माणसाचे रक्षण करावयाचे असते आणि खऱ्या माणसाचा हक्क मान्य करावयाचा असतो. यांपैकी जगाने पहिली भाषा उचलली, हे नाकारता येत नाही.

लेखिकेच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. 1989 च्या आवृत्तीस तिने नवे उपसंहारात्मक प्रकरण जोडून या लोकांची झालेली वाताहत वाचकांपुढे ठेवली; 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ओल्ड वे’ या ग्रंथात ती त्यांना त्यांच्याच नावाने, ‘जुवासी’ असे संबोधते. विशीत ऐकलेला शब्द सत्तरी उलटल्यावर पुन्हा ऐकावयास बसणे, हे सच्च्या विद्यार्थ्याचे लक्षण होय. 

दरम्यान त्या भाषेचे भाग्यही काही अंशी पालटले. पॅट्रिक डिकन्स यांनी तिची लेखनपद्धती सुधारली. त्यांचा कोश त्यांच्या निधनानंतर 1994 साली प्रसिद्ध झाला. 1990 साली नामिबिया स्वतंत्र झाल्यावर न्याए न्याएच्या ग्रामशाळांत पहिल्या इयत्तांचे शिक्षण मातृभाषेतून देण्याचा उपक्रम सुरू झाला. ज्या क्लिक-ध्वनींना 1959 च्या ग्रंथात जागा मिळाली नव्हती, ते आता मुलांच्या पाटीवर लिहिले जाऊ लागले. आपल्या नावाचा अर्थ काय, हे सांगण्याचा अधिकार अखेर ज्यांचे नाव त्यांच्याकडे आला.

आपल्या विभागातील विद्यार्थीही क्षेत्रकार्यासाठी जातात. त्यांच्यापैकी काहींना गडचिरोलीत ‘गोंड’ हे नाव शिकून गेल्यावर तेथील लोक स्वतःस ‘कोयतोर’ म्हणवितात, हे प्रथमच ऐकावयास मिळते. त्यांनी टिपणवहीच्या पहिल्या पानावर तो शब्द लिहावा, त्याचा विरोधी शब्द कोणता ते विचारावे, आणि भाषांतराची घाई करू नये. थॉमस यांचा ग्रंथ त्यांनी अवश्य वाचावा. तो प्रेमाने लिहिलेला आहे, आणि प्रेमाने ऐकलेला शब्दही चुकीचा ऐकला जाऊ शकतो, हे त्याच्या मुखपृष्ठाइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच शिकावयास मिळेल.