आवाज टिकेल, अ‍ॅप टिकेल का?

महागड्या होम ऑडिओचा बाजार संपत चाललाय, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मला तसं वाटत नाही. मोडतंय ते त्या किमतीमागचं वचन, आणि परीक्षणं लिहिणारे त्याबद्दल फारसं बोलत नाहीत.

मॅकिंटॉशचा एमसी २७५ हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर १९६१ साली आला. त्या काळातला नग आजही जाणता कारागीर दुरुस्त करतो: व्हॉल्व्ह बदलायचे, सुकलेले कपॅसिटर काढायचे. लिनचा एलपी १२ हा टर्नटेबल सत्तरच्या दशकातला. जुन्या यंत्रालाही नवे भाग बसवता येतात. एवढे पैसे मोजायचं समर्थन हेच होतं, की वस्तू मुलांना देता येईल.

आता त्याच किमतीत स्ट्रीमर मिळतो. आवाज निर्मळ, वादच नाही. पण तो चालतो अ‍ॅपवर. २०२४मध्ये सोनोसने (ती काही हाय-एंड कंपनी नव्हे) नवं अ‍ॅप आणलं आणि गाण्यांची रांग बदलणं, स्लीप टायमर अशा साध्या सोयी काही काळ गायब झाल्या. स्पीकर तेच, घर तेच.

त्याच वर्षी बोसने मॅकिंटॉश समूह घेतला. २०२५मध्ये सॅमसंगच्या हार्मनने डेनॉन, मरांट्झ, बोवर्स अँड विल्किन्स घेतले. मोठा मालक वाईटच असं नाही, सुटे भाग सांभाळायलाही पैसा लागतो. पण दुकानात किशोरीताईंचा भूप ऐकून डोळे मिटण्याआधी एवढं विचारा: सर्व्हर बंद पडला तर हे वाजेल? अ‍ॅपशिवाय आवाज कमी-जास्त होईल? आणि दहा वर्षांनी दुरुस्ती कोण करणार?