झाडणारा माणूस चौकटीत का नाही? : विल्यम व्हाइट यांच्या पुस्तकाचं टीकात्मक वाचन

शहरातल्या उद्यानांवर किंवा मोकळ्या जागांवर संशोधन करायचं ठरवलं की वाचनयादीत एक पुस्तक हमखास येतं : विल्यम एच. व्हाइट यांचं ‘द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस’ (१९८०). छोटंसं, फोटोंनी भरलेलं, दोन बैठकांत वाचून होणारं. मार्गदर्शक देतात, सीनियर देतात आणि त्याच नावाची फिल्मही दाखवली जाते. मग पुढच्या महिन्यात आपण वही-पेन घेऊन जवळच्या उद्यानात बसतो आणि माणसं मोजायला लागतो.

या लेखात मला हे पुस्तक वाईट आहे असं म्हणायचं नाही. ते वाचाच. पण उद्यानाची देखभाल आणि रोजचं व्यवस्थापन हा तुमचा विषय असेल, तर व्हाइट यांची पद्धत जशीच्या तशी उचलली की तुमचा मुख्य विषयच हातातून निसटतो. तो का निसटतो, हे नीट बघू. त्यातून ‘लिटरेचर क्रिटिकली वाचा’ म्हणजे नेमकं काय करायचं, हेही थोडं स्पष्ट होईल.

पुस्तक काय सांगतं?

पार्श्वभूमी थोडक्यात. १९६१ साली न्यूयॉर्कने इमारतींच्या नियमांत एक सवलत आणली. बिल्डरने इमारतीसमोर लोकांसाठी मोकळा चौक, म्हणजे प्लाझा, ठेवला तर त्याला जादा बांधकाम करू द्यायचं. एक चौरस फूट प्लाझामागे दहा चौरस फूट बांधकाम. साहजिकच भराभर प्लाझा तयार झाले. काही गजबजले आणि बरेच ओस पडले. असं का, हे शोधायला व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात टाइम-लॅप्स कॅमेरे लावले, नकाशांवर माणसं टिपली, तासनतास निरीक्षण केलं.

निष्कर्ष आज आपल्याला अगदी साधे वाटतात. बसायला जागा असेल तिथे लोक बसतात. आकार, देखणेपणा यांच्यापेक्षा बसायची सोय महत्त्वाची. ऊन, झाडं, पाणी, खाण्याचे पदार्थ आणि रस्त्याशी जवळीक यांनी फरक पडतो. सुटी खुर्ची ही भारी गोष्ट, कारण माणूस ती इंचभर का होईना सरकवतो आणि जागा आपली करतो. ‘नकोशा’ लोकांच्या भीतीने बाकांवर खिळे ठोकले, कठडे घातले, तर बाकीचेही जातात. त्यापेक्षा जागा सगळ्यांना हवीशी करा. या कामाचा थेट परिणाम म्हणून १९७५ साली न्यूयॉर्कचे नियम बदलले आणि प्लाझात किती बसायची जागा हवी हे ठरवून दिलं गेलं. संशोधनातून कायदा बदलण्याचं इतकं सरळ उदाहरण क्वचितच सापडतं.

मग अडचण कुठे आहे?

पहिला मुद्दा : जे बदलत नाही ते दिसत नाही

व्हाइट यांनी अभ्यासलेल्या बहुतेक जागा कंपन्यांच्या इमारतींसमोरच्या होत्या. अशी जागा झाडायची, दिवे बदलायचे, कचरापेटी रिकामी करायची ही कामं इमारतीच्या मालकाची. पेली पार्कसारखी गाजलेली छोटी बाग (१९६७) सुद्धा खाजगी पैशावर चालणारी. म्हणजे त्यांच्या नमुन्यातल्या बऱ्याच जागांच्या मागे पगारी माणसं आणि ठरलेलं बजेट आधीपासूनच उभं होतं.

आता हे संख्याशास्त्राच्या भाषेत मांडून बघा. नमुन्यातल्या जवळपास सगळ्या जागांमध्ये एखादा घटक सारखाच असेल, तर तो घटक ‘फरक’ समजावून सांगू शकत नाही. सगळीकडेच रोज झाडलं जात असेल, तर गजबजलेल्या आणि ओस प्लाझातला फरक झाडण्याने पडला असं कधीच दिसणार नाही. फरक दिसेल तो बाक, ऊन, पायऱ्या यांचा. यावरून ‘देखभाल महत्त्वाची नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो इतकाच की या नमुन्यात देखभालीचा प्रश्न विचारताच येत नाही.

हा फरक वहीत लिहून ठेवा, कारण आपल्याकडच्या उद्यानांत नेमकी उलटी स्थिती असते. बाक, पायवाट, घसरगुंडी, हिरवळ, कारंजं हे साहित्य बहुतेक उद्यानांत सारखंच. वेगळं असतं ते हे की कारंजं चालू आहे का, झोपाळ्याची साखळी तुटून किती महिने झाले, स्वच्छतागृहाला कुलूप आहे का, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो का. म्हणजे त्यांच्याकडे जे स्थिर होतं, तेच आपल्याकडे सगळ्यात जास्त बदलतं.

दुसरा मुद्दा : कॅमेरा कधी चालू होता?

व्हाइट यांच्या प्लाझांमध्ये वर्दळीची मुख्य वेळ होती जेवणाच्या सुट्टीची, साधारण बारा ते दोन. कॅमेऱ्याचं लक्षही त्या वेळेकडे जास्त. त्यांच्या प्रश्नासाठी ते बरोबरच आहे. पण देखभालीचं काम मुद्दाम गर्दी नसताना केलं जातं. चांगलं काम झालं तर त्याची काहीच खूण उरत नाही. पालापाचोळा उचलला गेला, की तो होता हेच कळत नाही. त्यामुळे वापरकर्त्यांना टिपणारी पद्धत कामगारांना आपोआप वगळते. यात लेखकाचा हेतू वाईट असायची गरज नाही; वेळापत्रक पुरेसं असतं.

एक प्रयोग करा. हीच वेळ घेऊन पुण्यातल्या उद्यानात जा. बऱ्याच महापालिका उद्यानांच्या वेळा सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन तुकड्यांत असतात. दुपारी फाटक बंद. म्हणजे व्हाइट यांची मुख्य वेळ इथे अस्तित्वातच नाही. ती का नाही? ऊन हे एक कारण सांगतात. पण दुपारी फाटक उघडं ठेवायचं तर तेवढ्या वेळेचा वॉचमन लागतो, म्हणजे आणखी एका पाळीचा पगार. शिवाय माळ्यांना पाणी घालायला, छाटणी करायला मोकळा वेळ मिळतो. आणि दुपारी येऊन बसणारी जोडपी, काम शोधणारे, डिलिव्हरी करणारी मुलं यांना बाहेर ठेवायची इच्छाही कधीकधी त्यात असते. ‘दुपारी लोक येत नाहीत’ हे निरीक्षण आणि ‘दुपारी कुलूप असतं’ ही वस्तुस्थिती यांत गल्लत झाली, तर प्रबंधाचा पायाच कच्चा.

तिसरा मुद्दा : एका वाक्यात दडलेला हिशोब

टीका करताना लेखकाशी न्यायाने वागायचं, म्हणजे त्याने जे पाहिलंय ते शोधूनही काढायचं. व्हाइट यांनी देखभाल अजिबातच पाहिली नाही असं नाही. एखाद्या जागेवर कायम असणारा रखवालदार, पेपरवाला किंवा खाद्यपदार्थ विकणारा त्या जागेचा जणू ‘नगराध्यक्ष’ होतो, हे ते आवर्जून सांगतात. आणि मेट्रोपॉलिटन म्युझियमबाहेरच्या खुर्च्यांबद्दल त्यांनी एक फार मोलाची गोष्ट नोंदवली आहे : रोज रात्री माणसं लावून खुर्च्या गोळा करण्यापेक्षा त्या बाहेरच ठेवणं आणि हरवतील तितक्या अधूनमधून नव्या घेणं म्युझियमला स्वस्त पडलं.

थांबा इथे. हे वाक्य आपण ‘लोकांवर विश्वास ठेवा’ असं वाचतो. पण तो एक हिशोब आहे : मजुरीचा खर्च विरुद्ध बदलीच्या खुर्च्यांचा खर्च. सुट्या खुर्चीचं स्वातंत्र्य त्या हिशोबावर उभं आहे. मजुरीचे दर वेगळे, खरेदीची पद्धत वेगळी, तर उत्तरही वेगळं येणार.

आपल्याकडे हा हिशोब कसा होईल? महापालिकेच्या अंदाजपत्रकात भांडवली खर्च आणि महसुली खर्च वेगळे असतात. नवं उद्यान, नवी खेळणी, नवा ट्रॅक हे भांडवली. त्याला उद्घाटन असतं, नावाची पाटी असते. झाडलोट, पाणी, दुरुस्ती हे महसुली. तिथे पाटी लागत नाही. दहा रुपयांचा बोल्ट बदलण्यासाठी कोणत्या खात्यातून पैसे आणायचे हा प्रश्न पडतो, तेव्हा झोपाळा तसाच लटकत राहतो आणि पुढच्या वर्षी नव्या खेळण्यांची निविदा निघते. खुर्ची हरवली तर नवी आणणं म्युझियमला सोपं होतं. आपल्याकडे साठा नोंदवहीतली एक खुर्ची कमी भरली, तर ज्याच्या ताब्यात होती त्याला जाब विचारतात. मग वॉचमन खुर्ची साखळीने बांधणारच. त्याला ‘व्हाइट वाच’ असं सांगून काय उपयोग?

ब्रायंट पार्क : यश कोणाचं?

व्हाइट यांच्या विचारांचा विजय म्हणून ब्रायंट पार्कचं नाव घेतात. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयामागची ही बाग १९७० च्या दशकात अंमली पदार्थांच्या व्यवहारासाठी बदनाम होती. व्हाइट यांचं निदान असं : उंच कुंपणझुडपं आणि मोजकीच प्रवेशद्वारं यांमुळे ती रस्त्यापासून तुटली आहे. पुढे बाग १९८८ साली बंद झाली, झुडपं गेली, वाटा रुंदावल्या, सुट्या खुर्च्या आल्या आणि १९९२ साली ती नव्याने उघडली. आज तिथे गर्दी असते.

पण याच काळात दुसरंही काहीतरी घडलं. १९८० साली एक स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि आसपासच्या मालमत्तांवरच्या खास आकारणीतून, तसंच उपाहारगृहं व कार्यक्रमांतून तिला पैसे मिळू लागले. स्वच्छतेची, सुरक्षेची, फुलझाडांची माणसं आली. रचना आणि व्यवस्था दोन्ही एकदम बदलल्या. मग फरक कशाने पडला? दोन गोष्टी एकत्र बदलल्या असतील तर एकीलाच श्रेय देता येत नाही, हे आपण पहिल्याच सेमिस्टरला शिकतो. तरी या बागेचा उल्लेख येतो तो बहुधा खुर्च्यांच्या फोटोसह.

आणि त्या व्यवस्थेची किंमत पैशातच मोजायची नसते. शॅरन झुकिन यांनी १९९५ च्या ‘द कल्चर्स ऑफ सिटीज’ मध्ये याच बागेवर आक्षेप घेतला : आसपासचे मालमत्ताधारक खर्च करतात म्हणून कोणी कसं वागायचं हेही तेच ठरवू लागतात. मुंबईत हा वाद आपल्या परिचयाचा आहे. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने मोकळ्या जागा देखभालीसाठी दत्तक देण्याचं धोरण मंजूर केलं. नागरिकांचा विरोध इतका झाला की मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. लोकांची भीती अशी की झाडलोटीच्या नावाखाली किल्ली दुसऱ्याच्या हाती जाईल. देखभाल म्हणजे निव्वळ तांत्रिक बाब नव्हे, हे त्या विरोधकांना आपल्या पाठ्यपुस्तकांपेक्षा आधी समजलं होतं.

मग तुम्ही काय करायचं?

व्हाइट यांचा मूळ गुण ठेवा : आधी बघायचं, मग सिद्धांत मांडायचा. फक्त बघायची वेळ आणि जागा वाढवा.

निरीक्षण फाटक उघडायच्या आधी सुरू करा आणि बंद झाल्यावर संपवा. नोंदतक्त्यात माणसांसोबत कामांचे रकाने ठेवा : काय झाडलं, काय दुरुस्त झालं, काय तसंच राहिलं. वॉचमनची शिट्टी कोणासाठी वाजते तेही लिहा. तीही व्यवस्थापनाची नोंदच आहे. देखभालीची निविदा मिळवा. ती संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. किती माळी, किती बिगारी, किती तास, कोणती अवजारं हे तिथे लिहिलेलं असतं. मग हजर माणसं मोजा. कागद आणि जागा यांतलं अंतर हाच कदाचित तुमच्या प्रबंधाचा गाभा ठरेल.

तुलना हवी असेल तर सेंट्रल पार्कची पद्धत बघा. ८४३ एकर ४९ विभागांत वाटलेले आणि प्रत्येक विभागाला एक जबाबदार माळी. तिथला पैसा आपल्याकडे नाही, मान्य. पण ‘या तुकड्याचं कोणाला विचारायचं?’ या प्रश्नाला तिथे उत्तर आहे. आपल्याकडे झाडलोटीचा ठेका एक, सुरक्षेचा दुसरा, दिव्यांचा विभाग तिसरा आणि पाणी चौथ्याकडून. उद्यान निरीक्षक या चौघांच्या मध्ये फोन करत बसतो. त्याची मुलाखत घ्या. माळ्याशी बोलताना मात्र ठेकेदार समोर नसावा, आणि प्रबंधात त्याचं नाव किंवा ओळखू येईल असं उद्यान देऊ नका. तुमची पदवी होईल, त्याची हजेरी जाऊ नये.

शेवटी शिफारशींबद्दल. ‘बाकांची संख्या वाढवावी’ हे वाक्य शेकडो प्रबंधांत असतं. ते लिहायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा : तो बाक कोण पुसणार, मोडला तर किती दिवसांत आणि कोणत्या खात्यातून दुरुस्त होणार, आणि त्यावर कोणाला बसू दिलं जाणार? या तिन्हींची उत्तरं तुमच्या डेटात नसतील, तर शिफारस अजून तयार झालेली नाही. मौखिक परीक्षेत कोणी विचारेल की नाही, सांगता येत नाही. सकाळी साडेपाचला खराटा घेऊन येणाऱ्या बाईला मात्र यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आजच माहीत आहे. तिला विचारायला जा.