सुंदरलाल समितीचा अहवाल : एक परीक्षण

सरकारी अहवालाचें परीक्षण वाङ्मयाच्या पानांवर करावें, हें आमच्या कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु कांहीं अहवाल असे असतात कीं, इतिहासकारांनीं जें लिहावयाचें तें त्यांनाच लिहावें लागतें. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यावर मराठींत पुष्कळ ग्रंथ झाले. १९४८ च्या १७ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांविषयीं मात्र त्या मानानें फारच थोडें लिहिलें गेलें. ती उणीव पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या या अहवालानें कांहींशी भरून निघते.

भारत सरकारनें पाठविलेल्या या मंडळींनीं २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या अवधींत संस्थानांतील सोळांपैकीं नऊ जिल्हे पाहिले. पोलिस कारवाईच्या वेळीं व तिच्यानंतर संस्थानांत किमान २७ ते ४० हजार माणसें प्राणास मुकलीं, असा त्यांचा अंदाज आहे. सर्वांत अधिक हानि झालेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा, बिदर व नांदेड यांच्याबरोबर आपला धाराशिव, म्हणजे तेव्हांचा उस्मानाबाद, आहे. या चोहोंत मिळून १८ हजारांहून कमी माणसें मेलीं नसावीं, असें ते लिहितात. हे आंकडे घाईच्या दौऱ्यांतले आहेत आणि त्यांवर वाद होऊं शकेल. वाद व्हावा यासाठीं तरी अहवाल छापला जावयास हवा होता. सरकारनें तो प्रसिद्ध केला नाहीं, आणि अ. ग. नूरानी यांच्या हैदराबादवरील ग्रंथाच्या परिशिष्टांतून तो वाचकांस मिळाला तो २०१३ सालीं.

लेखन म्हणून पाहतां अहवालाचा मोठा गुण त्याची कोरडी भाषा हा आहे. रझाकारांचा जुलूम तो लपवीत नाहीं. गांवोगांवीं बसविलेली मासिक खंडणी, ती नाकारली कीं होणारी लूट, आणि त्यापुढें जाळपोळ व खून, हें सर्व तो क्रमानें सांगतो. शेजारच्या बिदर जिल्ह्यांतील गोर्टा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यांत अतिशयोक्ति दिसणार नाहीं. परंतु एका पापाची नोंद दुसऱ्या पापाची सबब म्हणून तो वापरीत नाहीं. एवढा संयम पुढच्या पिढ्यांतल्या आम्हां लोकांच्या बैठकींतल्या बोलण्यांतही क्वचितच आढळतो!

लातुरासंबंधींचा मजकूर आम्हीं दोनदां वाचला. लातूर तेव्हां याच जिल्ह्यांत होतें. कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची तेथें मोठी पेढी-दुकानदारी होती, आणि रझाकारांचा सेनापति कासीम रझवी यानें वकिली केली तीही तेथेंच. तेथें वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. सुमारें दहा हजार मुसलमानांपैकीं जेमतेम तीन हजार उरले, हजारांवर मारले गेले, बाकीचे परागंदा झाले, असें अहवाल म्हणतो. आतां रझवीचें काय झालें तें पाहावें. त्याला अटक झाली, बीबीनगरच्या दरोड्याच्या प्रकरणीं त्याजवर रीतसर खटला चालला, शिक्षा झाली, आणि १९५७ सालीं सुटून तो पाकिस्तानांत गेला. ज्याच्या अपराधाचा सूड म्हणून त्याच्या गांवचे लोक मारले गेले, त्या मुख्य आरोपीस कायद्याचें छत्र लाभलें. त्या लोकांस तें लाभलें नाहीं.

येथेंच अहवालाचें वैगुण्यही दिसतें. सोलापूर वगैरे बाजूंनीं शस्त्रधारी टोळ्या आल्या, कांहीं ठिकाणीं फौजेंतल्या व पोलिसांतल्या माणसांनींही लुटींत भाग घेतला, हें तो सांगतो. फौजेची शिस्त एकंदरींत चांगली होती, अशी ग्वाहीही तो प्रामाणिकपणें देतो. पण अपराधी बहुधा वर्गानेंच ओळखविले जातात. ‘मारले गेले’ या कर्मणि प्रयोगाआड मारणारा नाहींसा होतो. चौकशी आयोगाचे अधिकार समितीस नव्हते, ही अडचण आम्ही जाणतों. तरी नांवें गोळा करण्याचें काम ज्यांचें होतें त्यांनीं तें हातीं घेतलें नाहीं, आणि त्यामुळें हा अहवाल एका न चाललेल्या खटल्याची प्रस्तावना होऊन राहिला.

एक परिच्छेद मात्र आमच्या मनांतून जात नाहीं. एका धंद्यांतल्या लोकांचा बंधुभाव टिकून राहिला, कांहीं ठिकाणीं हिंदु विणकरांनीं मुसलमान विणकरांच्या रक्षणार्थ हिंदूंशींच झुंज दिली व प्रसंगीं आपले प्राणही वेंचले, असें समितीनें लिहिलें आहे. धर्माचें नांव घेऊन तलवार उचलणाऱ्यांवर तेव्हांही भाषणें झालीं, आजही होतात. धर्म न उच्चारतां मागाजवळ उभे राहिलेल्या या माणसांस अहवालानें दोन-तीन वाक्यें दिलीं आहेत, आणि तींही नांवांवांचून.

या अहवालाची मराठी आवृत्ति कोणी काढील, तर तिला दोन याद्या जोडाव्या, असें आम्हीं सुचवितों : गांववार मेलेल्यांची, रझाकारांच्या हातून मेलेल्यांसकट, आणि या विणकरांची. जुन्या जखमा उकरूं नयेत, असा आक्षेप येईल. तो घेणारे बहुधा त्या घरांतले नसतात. काम लौकर व्हावें, कारण त्या वेळीं दहा वर्षांचें असलेलें मूल आज पंच्याऐंशी वर्षांच्या पुढें गेलें आहे.