मूळ पाठ आणि रसिकनिर्मित आवृत्ती : ‘डूम’ या संगणकीय खेळाच्या पोर्टांची समीक्षा

प्रास्ताविक

छापील ग्रंथ शंभर वर्षांनंतरही कपाटातून काढून वाचता येतो. संगणकीय खेळाचे तसे नाही. ज्या यंत्रासाठी आणि ज्या कार्यप्रणालीसाठी तो लिहिला गेला ती कालबाह्य झाली, की खेळ शाबूत असूनही बंद पडतो. अशा वेळी त्याचे चाहते तो नव्या संगणकावर चालेल अशा रीतीने पुन्हा सिद्ध करतात. या आवृत्तीस ‘पोर्ट’ असे म्हणतात. पोर्ट करणारा हा केवळ दुरुस्ती करणारा कारागीर आहे, की तो संपादकही आहे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात ‘डूम’ या खेळाच्या आधारे केला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने डिसेंबर 1993 मध्ये एमएस-डॉस प्रणालीसाठी ‘डूम’ प्रसिद्ध केला. डिसेंबर 1997 मध्ये जॉन कारमॅक यांनी त्याचा सोर्स कोड जाहीर केला आणि 1999 मध्ये तो जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली खुला झाला. मात्र डॉस-आवृत्तीतील ध्वनीविषयक भाग दुसऱ्याच्या मालकीचा असल्याने लिनक्स-आवृत्तीचा कोड देण्यात आला. म्हणजे मूळ डॉस-खेळाचा संपूर्ण पाठ चाहत्यांच्या हाती कधी आलाच नाही. त्यातील काही भाग त्यांना प्रथमपासूनच नव्याने रचावा लागला. चित्रे आणि नकाशे यांचे हक्कही कंपनीकडेच राहिले. कोड सर्वांचा आणि आशय मालकाचा, अशी ही विभागणी आहे.

दोन भूमिका

या कोडपासून निघालेल्या आवृत्त्यांत दोन भूमिका स्पष्ट दिसतात. 1998 मध्ये सुरू झालेली ‘झेडडूम’ आणि तिचीच शाखा असलेली ‘जीझेडडूम’ यांनी खेळाचा विस्तार केला. मूळ खेळात खेळाडूस वर-खाली पाहता येत नव्हते, ते येथे शक्य झाले. 320×200 बिंदूंचे चित्र आधुनिक पडद्याच्या तोडीचे झाले. याउलट ‘चॉकलेट डूम’ या आवृत्तीने मूळ वर्तन जसेच्या तसे, अगदी दोषांसह, जपण्याचे व्रत घेतले. एखादे दृश्य ठरावीक मर्यादेपेक्षा गुंतागुंतीचे झाले, की मूळ खेळ बंद पडत असे; ‘चॉकलेट डूम’ही बंद पडतो.

दोष की पाठ?

प्रथमदर्शनी हा हट्ट हास्यास्पद वाटेल. परंतु त्यामागील तर्क समजून घेणे आवश्यक आहे. मूळ खेळात ठरावीक दिशेच्या भिंतीला घासत धावल्यास खेळाडूचा वेग एकाएकी वाढतो. हा रचनाकारांचा हेतू नव्हे, ती चूक आहे. तथापि, कमीत कमी वेळात खेळ संपविणाऱ्यांनी या चुकीतूनच एक कौशल्य घडविले. ती दुरुस्त करणे म्हणजे त्यांची कलाच पुसून टाकणे होय.

याचा वस्तुनिष्ठ पुरावा ‘डेमो’ या नोंदींतून मिळतो. डेमोमध्ये चित्र साठविलेले नसते. सेकंदाच्या प्रत्येक 35 व्या भागात खेळाडूने दिलेल्या आज्ञा तेवढ्या असतात. खेळातील ‘योगायोग’ही 256 अंकांच्या एका निश्चित तक्त्यावरून ठरतो. त्यामुळे त्याच आज्ञा दिल्या, की तोच खेळ पुन्हा उलगडतो. परंतु वर्तनात किंचित बदल झाला, तरी नोंद व खेळ यांची फारकत होते आणि नोंदीतील विजेता भिंतीवर धडका देत राहतो. पाठचिकित्सेत पाठाच्या प्रामाण्याची इतकी निर्णायक कसोटी क्वचितच मिळते.

मूल्यमापन

म्हणून ‘चॉकलेट डूम’ श्रेष्ठ आणि ‘जीझेडडूम’ कनिष्ठ, असा निर्णय देणे मात्र एकांगी ठरेल. ‘जीझेडडूम’मुळे नवे नकाशे रचणाऱ्यांची परंपरा बहरली, हे तिचे श्रेय आहे. जुने वर्तन काही अंशी परत आणण्याच्या सोयीही तिच्यात आहेत. परंतु मूळ डेमो तिच्यात चालत नाहीत. तेव्हा ती रूपांतर म्हणून वाचावी, मूळ संहिता म्हणून नव्हे.

प्रस्तुत लेखकाच्या मते, संपादनाचा आदर्श ‘प्रबूम-प्लस’ आणि तिच्यापासून पुढे निघालेली ‘डीएसडीए-डूम’ यांत आढळतो. कोणत्या आवृत्तीचे वर्तन हवे, हे येथे खेळणाऱ्यास निवडता येते. दुरुस्ती केली आहे, पण दुरुस्तीपूर्वीचा पाठही जपला आहे. हीच चिकित्सक आवृत्तीची पाठभेद-नोंद होय. बदल करणे हा दोष नाही, बदल न सांगणे हा दोष आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पोर्ट करणारा हा संपादकच ठरतो. हे मान्य केल्यास दोन गोष्टी ओघाने येतात. एक, संगणकीय खेळांवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने आपण कोणत्या पोर्टवर आणि कोणत्या मांडणीत खेळ अभ्यासला, हे ग्रंथाच्या आवृत्तीप्रमाणे नमूद करावयास हवे. अन्यथा तो संपादकाने केलेल्या बदलाचे श्रेय मूळ कर्त्यास देऊन बसेल. दुसरे, हे काम हौशी मंडळींनी आपल्या फावल्या वेळात केले आहे. हस्तलिखितांच्या संपादनास आपण विद्वत्तेचा मान देतो; तोच मान या परिश्रमांस नाकारण्याचे समर्थनीय कारण दिसत नाही. ज्या खेळांचा कोड कधीच खुला झाला नाही, त्यांना असा संपादक लाभणे फार अवघड आहे, हे ध्यानी घेता या कार्याचे मोल अधिकच जाणवते.