कटकटीचा गुण: '७७७ चार्ली' पुन्हा पाहताना

२०२२च्या पावसाळ्यात माझं काही बरं चाललं नव्हतं. काम घरूनच. दिवसातून दोन कॉल, तेवढंच माणसांशी बोलणं. जेवण ॲपवरून, झोप पहाटे चारला. एका मित्राने मेसेज टाकला, "'७७७ चार्ली' बघ आणि मग एक कुत्रा पाळ." मी एकटीच थिएटरात गेले, हिंदी डबिंगमध्ये सिनेमा पाहिला, भरपूर रडले. घरी परतताना रिक्षात बसल्या बसल्या लॅब्रॉडॉरच्या पिल्लाची पुण्यातली किंमत शोधली.

या सिनेमात कुत्र्यांची धंद्यासाठी पैदास करणारा माणूस खलनायक आहे. तो पाहून बाहेर पडल्यावर मी पहिलं काम केलं ते अशाच कुणाचं तरी गिऱ्हाईक व्हायचं. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

लॅब्रॉडॉर घेतला नाही, कारण पैसे नव्हते. वर्षभराने आमच्या पार्किंगमधल्या कुत्रीचं एक पिल्लू घरात आलं आणि राहिलं. तिचं नाव बुंदी. परवा तिला पायाशी घेऊन सिनेमा पुन्हा पाहिला. या वेळी रडू आलं ते वेगळ्या जागी, आणि चिडचीडही झाली. त्या चिडचिडीबद्दल लिहायचं आहे. (पुढे शेवटासकट सगळं सांगितलंय. सिनेमा पाहायचा असेल तर इथेच थांबा.)

किरणराज के. दिग्दर्शित हा मूळ कन्नड सिनेमा. त्याला सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. धर्मा (रक्षित शेट्टी) हा कारखान्यात काम करणारा एकटा, तुसडा माणूस. लहानपणी अपघातात घरचे गेले, तेव्हापासून त्याने जगाला दार लावून घेतलंय. कारखाना, इडली, सिगरेट, बिअर आणि टीव्हीवर चॅप्लिन, संपला दिवस. कॉलनीतली पोरं त्याला टरकून असतात. त्याच्या आयुष्यात एक पळून आलेली लॅब्रॉडॉर कुत्री घुसते, त्याला नको असताना. पुढे तिला कॅन्सर असल्याचं कळतं. पैदास करणाऱ्याने जवळच्या नात्यातल्याच कुत्र्यांची जोडी लावल्याचा तो परिणाम. चार्लीला बर्फ आवडतो हे धर्माच्या लक्षात आलेलं असतं, म्हणून तो मोटरसायकलला साइडकार जोडून तिला हिमालयात घेऊन निघतो.

पूर्वार्ध मला आजही अतिशय खरा वाटतो. धर्माला पहिल्यांदा वाटतं ते प्रेम नसतं, ती कटकट असते. घराचा सत्यानाश होतो. ही बया खाते काय, हिला ठेवायची कुठे, दवाखान्यात कोण नेणार? हे प्रश्न एकट्याने सुटत नाहीत, म्हणून त्याला दार उघडावं लागतं. डॉक्टरशी बोलावं लागतं, शेजारच्या लहान मुलीशी बोलावं लागतं. धर्मा सुधारतो तो चार्ली त्याच्यावर माया करते म्हणून नंतर. आधी तो सुधारतो, कारण ती त्याला त्याच्या वेळापत्रकात राहू देत नाही.

बुंदी आल्यावर माझं हेच झालं. सकाळी सव्वासहाला ती माझ्या उशीवर पंजा मारते. मला कसं वाटतंय हा प्रश्न तिच्या खिजगणतीत नाही, तिला खाली जायचं असतं. खाली वॉचमनकाका भेटतात, दूधवाला भेटतो, "हिला आज लंगडतंय का?" असं विचारणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटतात. पहिल्या दोन महिन्यांत माझी या इमारतीत जितकी ओळख झाली, तितकी त्याआधीच्या तीन वर्षांत झाली नव्हती. घरमालकांची बोलणीही खाल्ली, तीही एक ओळखच.

संशोधनातही याच्या आसपासचं काहीतरी दिसतं. स्वीडनमधल्या ३४ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथे कुत्र्यांची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून हे शक्य झालं. वय ४० ते ८०, सुमारे बारा वर्षांचा काळ. एकटं राहणाऱ्यांमध्ये कुत्रा असलेल्यांच्या मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी दिसला, आणि फरक सर्वांत ठळक होता तो या एकट्या राहणाऱ्यांमध्येच. पण आकडा वाचून लगेच पिल्लू शोधायला जाऊ नका. हा निरीक्षणावरचा अभ्यास आहे. मुळात ज्यांची तब्येत धड असते, तेच कुत्रा पाळायचं धाडस करत असतील, हीही शक्यता उरते. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. कोडमधला बग शोधताना हे आम्हाला रोज नव्याने शिकावं लागतं.

दुसरं संशोधन जपानचं, २०१५चं. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळाच्या जवळिकीशी जोडलं गेलेलं हेच ते संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये असं आढळलं नाही.

म्हणजे एक गुण पायांचा, एक डोळ्यांचा. पूर्वार्धाला दोन्ही कळतात. उत्तरार्धात मात्र फक्त डोळे उरतात.

प्रवास सुरू झाला की कॉलनी मागे पडते. राज्यं पालटतात, निसर्ग देखणा होत जातो, गाणी वाढतात आणि चार्लीच्या चेहऱ्याचे क्लोजअपही. ज्या कटकटीने धर्माला माणसांत आणलं, ती कटकट गायब. आता चार्ली एक निरागस इच्छा झालेली असते आणि धर्मा ती पुरवणारा भक्त. आजारी कुत्रीला हजारो किलोमीटर साइडकारमधून न्यायचं, यात तिची सोय किती आणि त्याचं समाधान किती? सिनेमा हा प्रश्न मनापासून विचारत नाही. बुंदीला गाडीने तासभर नेलं तरी ती ओकते. चार्लीला बर्फ हवा होता हे मला मान्य. पण उपचार, विश्रांती आणि ओळखीचा कोपरा यांपेक्षा तो जास्त हवा होता, हे तिच्या वतीने धर्माच ठरवतो.

माझी खरी तक्रार शेवटाबद्दल आहे. चार्ली बर्फात मरते आणि मागे एक पिल्लू ठेवून जाते. थिएटरात या क्षणी सगळे हुंदके देत होते, मीही. आता वाटतं, सिनेमाने इथे स्वतःशीच बेइमानी केली. बेपर्वा पैदाशीमुळे कुत्र्यांच्या शरीरात आजार कसे उतरतात, हे दोन तास सांगायचं आणि त्याच आजारी कुत्रीच्या पोटी पिल्लू येणं हा वरदानासारखा आनंद म्हणून दाखवायचा! त्या पिल्लाच्या वाट्याला काय येईल, असं कुणीच विचारत नाही. कारण त्याचं काम ठरलेलं आहे: धर्माला पुन्हा एकटं पडू न देणं. एक गोळी संपली, दुसरी हजर.

नायकाचं नाव धर्मा, सोबत कुत्रा आणि वाट हिमालयाची. युधिष्ठिर आठवल्याशिवाय राहत नाही. महाप्रस्थानाच्या त्या कथेत इंद्राचा रथ दाराशी येतो आणि अट असते की कुत्र्याला सोडून चढ. युधिष्ठिर नाही म्हणतो. त्या कुत्र्याकडून त्याला काहीही मिळणार नसतं, उलट स्वर्ग हातचा जाणार असतो. माझ्या आश्रयाला आला आहे, सोडणार नाही, एवढाच हिशेब. कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे नंतर कळतं. नकार देताना त्याला ते माहीत नव्हतं.

'कुत्रा पाळ, बरं वाटेल' या सल्ल्यात हा हिशेब उलटा होतो. लॉकडाऊन उठल्यानंतर आमच्या टेकडीवर मला गळ्यात पट्टा असलेली, चांगल्या जातीची दोन बावरलेली कुत्री दिसली होती. ती कुणाकडे तरी बरं वाटावं म्हणूनच आणली गेली असतील. मग ऑफिसं उघडली.

त्या रात्री रिक्षात मला एक गोळीच हवी होती, हे मी आता कबूल करते. माझे वाईट दिवस बुंदी आल्यावर संपले नाहीत. मी समुपदेशकाकडे आजही जाते, आणि त्या तासाला बुंदी शेजारच्या आजींकडे असते. पण वाईट दिवशीही सव्वासहाला उशीवर पंजा पडतोच. एक दिवस बुंदीही जाईल. त्यानंतर सव्वासहाला मी काय करेन, याचं उत्तर मला या सिनेमाकडून हवं होतं. त्याने माझ्या हातात पिल्लू दिलं.

तरीही सिनेमा पाहा, विशेषतः पहिला तास. आणि घरी येताना रिक्षात फोन खिशातच ठेवा.